कथेचा शेवट कोणाचा? शुश्रूषागृहातील आत्मकथन : काही समीक्षात्मक प्रश्न

१

शुश्रूषागृहात, वृद्धाश्रमात किंवा अंतकाळाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात माणूस दाखल होतो, तेव्हा त्याच्याविषयीची पहिली संहिता त्याच्याखेरीज इतरांच्या हातून लिहिली जाते. नाव, वय, आजार, चालू औषधे, पथ्य, जवळच्या नातलगाचा पत्ता अशा रकान्यांनी ती सिद्ध होते आणि पुढे रोजच्या नोंदींनी वाढत जाते. तिचे व्याकरण पाहण्यासारखे असते. तिच्यात रुग्णाला अंघोळ घातली जाते, जेवण दिले जाते, तपासले जाते. कर्मणी प्रयोगाबाहेर तिची वाक्ये क्वचितच येतात. ज्याच्याविषयी ही संहिता असते तो तिच्यात कर्ता म्हणून जवळजवळ कोठेच नसतो. अर्व्हिंग गॉफमन याने १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'असायलम्स' या ग्रंथात बंदिस्त संस्थांचे जे विश्लेषण केले, त्याचा एक महत्त्वाचा निष्कर्ष असा, की प्रवेशाच्या क्षणापासून अशा संस्था माणसाच्या पूर्वीच्या 'स्व'चे आधार एकेक करून काढून घेतात. कपडे, वस्तू, दिनक्रम आणि एकांत यांच्याबरोबर स्वतःविषयी स्वतः सांगण्याचा हक्कही जातो. कारण त्याच्याविषयी जे सांगायचे ते कागदपत्राने आधीच सांगितलेले असते.

गेल्या सुमारे सहा दशकांत या कागदपत्रासमोर दुसरी एक संहिता उभी करण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत झाले. रहिवाशाने स्वतःच्या आयुष्याची कथा सांगावी, कोणी ती ऐकावी, लिहून घ्यावी, त्याला वाचून दाखवावी आणि या व्यवहारातून त्याचे उरलेले दिवस अधिक समृद्ध व्हावेत, अशी त्यामागील धारणा आहे. या प्रयत्नांविषयी वैद्यक, मानसशास्त्र आणि समाजकार्य या क्षेत्रांत विपुल लेखन झाले आहे. त्यांतून निर्माण होणारे वाङ्मय मात्र साहित्यसमीक्षेने फारसे मनावर घेतलेले नाही. वास्तविक ज्या प्रश्नांवर हे प्रयत्न वारंवार अडतात ते प्रश्न समीक्षेच्या परिचयाचे आहेत : निवेदक कोण, लेखक कोण, कथेचा घाट कोण ठरवतो आणि शेवट कोठे करायचा. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे अशा कथनाचे काही नमुने तपासावयाचे आहेत.

२

या साऱ्या प्रयत्नांचा वैचारिक उगम रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या १९६३ मधील 'लाइफ रिव्ह्यू' विषयीच्या निबंधात शोधला जातो. म्हातारी माणसे सतत जुन्या आठवणी उगाळतात हे तोवर बुद्धीच्या ऱ्हासाचे लक्षण मानले जाई. निदान वर्तमानापासून पळ काढण्याची वृत्ती म्हणून त्याकडे पाहिले जाई. बटलरने ही दृष्टी उलटी केली. मृत्यू जवळ आल्याच्या जाणिवेतून माणूस आपल्या गतायुष्याची फेरतपासणी करू लागतो, ती स्वाभाविक आणि सार्वत्रिक प्रक्रिया होय, असे त्याने मांडले. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. या फेरतपासणीची परिणती प्रांजळपणात आणि शांतीत होऊ शकते तशीच ती पश्चात्तापात, खिन्नतेत आणि टोकाच्या निराशेतही होऊ शकते, असे बटलरनेच नोंदवले होते. त्याच्या नंतरच्या प्रचारात पहिला भाग टिकला आणि दुसरा हळूहळू पुसट झाला.

पुढे ही प्रक्रिया उपक्रमात रूपांतरित झाली. लंडनमध्ये १९८३ मध्ये पॅम श्वाइत्झर यांनी स्थापन केलेल्या 'एज एक्स्चेंज' या संस्थेने वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नाटकांत गुंफून त्या वृद्धांपुढे सादर केल्या. जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या साहाय्याने आठवणी जागवण्याचे वर्ग पुष्कळ शुश्रूषागृहांत सुरू झाले. उपक्रम आला की त्याचे मोजमापही येते. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या अशा उपक्रमांचा २०१८ मधील कॉक्रेन आढावा २२ अभ्यासांवर आधारलेला आहे. परिणाम काही बाबतींत अनुकूल, पण लहान आणि पद्धतीनुसार बदलणारे, असा त्याचा एकंदर निर्वाळा आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे नातलग यांना एकत्र बसवून आठवणींचे वर्ग घेतले गेले. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रुग्णांना अपेक्षित लाभ दिसला नाही. उलट नातलगांची चिंता काहीशी वाढलेली आढळली.

या निष्कर्षांचा अर्थ 'कथनाचा उपयोग नाही' असा काढणे उतावीळपणाचे ठरेल. मापनाचे साधन आणि मोजली जाणारी गोष्ट यांचा मेळ बसत नसल्याची ही खूण असू शकते. आत्मकथन ही औषधाची मात्रा मानली, तर तिच्या परिणामाची चौकशी रक्तदाबासारखी करावी लागते. परंतु कथन हा दोन माणसांमधील भाषिक व्यवहार आहे. त्यातून काय घडले हे ठरवण्यासाठी त्यात काय सांगितले गेले, कोणी कोणाला सांगितले आणि सांगितलेल्याचे पुढे काय झाले, हे पाहणे अपरिहार्य ठरते.

३

या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण कॅनडातील विनिपेग येथील मनोविकारतज्ज्ञ हार्वे मॅक्स चोचिनोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेल्या 'डिग्निटी थेरपी'चे आहे. अंतकाळ जवळ आलेल्या रुग्णाला ठरावीक प्रश्नांच्या आधारे बोलते केले जाते. आयुष्यातील महत्त्वाचे प्रसंग कोणते, आपण सर्वांत जिवंत कधी होतो, आप्तांना काय सांगायचे राहिले, असे ते प्रश्न असतात. बोलणे ध्वनिमुद्रित होते, शब्दशः उतरवले जाते, संपादित होते, रुग्णाला वाचून दाखवले जाते, त्याच्या दुरुस्त्या घेतल्या जातात आणि अखेरीस तयार झालेले टिपण तो ज्यांना देऊ इच्छितो त्यांच्या हाती जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात १०० रुग्ण होते. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आपली प्रतिष्ठेची भावना वाढल्याचे सांगितले, तर ४७ टक्क्यांनी जगण्याची इच्छा वाढल्याचे. २०११ मधील ४४१ रुग्णांच्या चाचणीत मात्र मानसिक यातनेच्या प्रमुख मापांवर इतर प्रकारच्या सेवांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही या पद्धतीने आपल्याला मदत झाली आणि कुटुंबाची आपल्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण तिच्यात अधिक होते.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते संपादनाचे टिपण. त्यात संपादकाला चार कामे सांगितलेली आहेत. एक, बोलण्यातील अडखळणे आणि अवांतर काढून मजकूर स्पष्ट करणे; दोन, कालक्रम दुरुस्त करणे; तीन, ज्यांच्या हाती टिपण जाणार त्यांना इजा करील असा मजकूर हेरून त्याविषयी रुग्णाशी बोलणे; चार, योग्य असा शेवट शोधणे. ही चारही कामे वरवर पाहता लेखनिकाची वाटतात. प्रत्यक्षात त्यांतून एक संपूर्ण वाङ्मयप्रकार उभा राहतो. स्पष्टता, कालक्रम, औचित्य आणि समारोप ही एकोणिसाव्या शतकातील चरित्रग्रंथाची लक्षणे आहेत. ज्याने आयुष्यात चरित्रग्रंथ वाचलेला नाही त्याच्या बोलण्यालाही शेवटी त्याचाच घाट मिळतो. 'योग्य शेवट' हा शब्दप्रयोग तर विशेष विचार करायला लावणारा आहे. मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचे बोलणे एखाद्या तक्रारीवर, अर्धवट वाक्यावर किंवा जेवणाच्या वेळेच्या चौकशीवर थांबले, आणि संपादकाने मुलाखतीच्या मध्यावरील एक कृतज्ञतेचे वाक्य उचलून शेवटी ठेवले, तर त्यातील एकही शब्द परका नसतो. तरीही कथेचा अर्थ बदललेला असतो.

फिलिप लझ्यून या फ्रेंच समीक्षकाने १९७५ मध्ये मांडलेल्या 'आत्मचरित्रात्मक करारा'ची येथे आठवण होते. लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र एकच असल्याची मुखपृष्ठावरील नावाने दिलेली हमी म्हणजे हा करार. पुढे १९८० मधील ग्रंथात त्याने 'जे लिहीत नाहीत त्यांचे आत्मचरित्र' हा प्रश्न हाताळला आणि दुसऱ्याकडून लिहिल्या गेलेल्या आत्मकथनात ही एकता कशी दुभंगते ते दाखवले. सांगणाऱ्याकडे आयुष्य असते आणि लिहिणाऱ्याकडे संहिता. मुखपृष्ठावरचे 'मी' हे सर्वनाम दोघांमध्ये वाटले जाते. शुश्रूषागृहात ही वाटणी अधिक विषम असते. सांगणारा अंथरुणाला खिळलेला असतो, लिहिणाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असतो आणि त्याच्याजवळ वेळ नसतो. वाचून दाखवलेल्या मजकुराला तो 'ठीक आहे' म्हणतो, ते संमतीने की थकव्याने, हे मजकुरावरून कळत नाही.

चोचिनोव्ह यांच्या पद्धतीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे, की मजकूर सांगणाऱ्याला परत वाचून दाखवण्याचे बंधन त्या पद्धतीतच घातलेले आहे. लोकांकडून आत्मकथने गोळा करणाऱ्या कित्येक वाङ्मयीन प्रकल्पांत एवढेही पाळले जात नाही. आक्षेप आहे तो घाटाविषयीच्या गृहीतकावर. सुसंगत कथा म्हणजेच प्रतिष्ठित आयुष्य, हे समीकरण सिद्ध केलेले नाही; ते मानून चाललेले आहे.

४

हे समीकरण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णापुढे कोसळते. ज्याला कालचा दिवस आठवत नाही, पत्नीचे नाव आठवत नाही, त्याच्याकडून आयुष्यकथा मागणे हे पुष्कळदा परीक्षेचे रूप घेते, आणि त्या परीक्षेत तो रोज नापास होतो. १९९६ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथील एका शुश्रूषागृहात अ‍ॅन बास्टिंग ही नाट्यअभ्यासक आठवणींवर आधारलेल्या उपक्रमांना प्रतिसाद मिळत नसल्याचा अनुभव घेत होती. तिने एका मासिकातून सिगारेटच्या जाहिरातीतील घोडेस्वाराचे चित्र फाडले आणि रहिवाशांना विचारले, 'याचे नाव काय ठेवू या?' आठवण्याची अट सुटताच ते बोलू लागले. यातूनच पुढे 'टाइमस्लिप्स' हा उपक्रम उभा राहिला. एखादे विलक्षण चित्र, ज्यांचे एकच बरोबर उत्तर नाही असे प्रश्न आणि येईल ते उत्तर लिहून घेण्याचा दंडक ही त्याची अंगे आहेत. परस्परविरोधी उत्तरेच काय, निरर्थक ध्वनीदेखील लिहिले जातात आणि कथा पुन्हापुन्हा मोठ्याने वाचून दाखवली जाते. या कथा विसंगत असतात, गमतीदार असतात, मध्येच कोणाचे तरी खरे दुःख त्यांत डोकावून जाते.

समीक्षकाला येथे दोन गोष्टी दिसतात. घाटाची सक्ती दूर होताच कथनशक्ती जागी होते, ही एक. दुसरी अशी, की स्मृतीची जागा कल्पनेने घेतली तेव्हा 'वैयक्तिक' हा शब्द धूसर झाला. घोडेस्वाराची कथा सर्वांची असते. तिच्यात एखाद्या बाईचे स्वतःचे आयुष्य किती आले आणि ते ओळखणार कोण, हा प्रश्न उरतो. बास्टिंग यांनी '२००९' मधील 'फर्गेट मेमरी' या पुस्तकात स्मृतीचा हट्ट सोडण्याची बाजू समर्थपणे मांडली आहे, आणि ती बव्हंशी पटण्यासारखी आहे. पण ज्याला थोडे आठवते, आणि ते थोडेच सांगायचे आहे, त्याच्यासाठीही जागा ठेवावी लागते.

ब्रिटनमध्ये जॉन किलिक या कवीने १९९० च्या दशकात शुश्रूषागृहांत बसून स्मृतिभ्रंश झालेल्यांचे बोलणे टिपले आणि १९९७ मध्ये 'यू आर वर्ड्‌स' या संग्रहात ते कवितेच्या रूपात प्रसिद्ध केले. आपण शब्द गाळतो, पण भर घालत नाही, अशी त्याची भूमिका आहे. ती प्रामाणिक आहे, परंतु निर्दोष नाही. ओळ कोठे तोडायची हा निर्णय कवितेत अर्थनिर्णय असतो आणि तो येथे बोलणाऱ्याने घेतलेला नाही. तरीदेखील किलिकच्या पद्धतीचे एक मोल आहे. विस्कळीत बोलणे दुरुस्त करावयाचे नसून वाचावयाचे आहे, ही जाणीव ती देते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'डिमेन्शिया रिकन्सिडर्ड' या ग्रंथात टॉम किटवुड याने व्यक्तित्वाची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की व्यक्तित्व ही एका माणसाला इतरांनी नात्याच्या संदर्भात बहाल केलेली प्रतिष्ठा होय. ती स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. ही भूमिका मान्य केली, तर कथेची सुसंगती ही व्यक्तित्वाची अट राहत नाही.

तात्त्विक पातळीवर याला दुजोरा देणारी दोन मते आहेत. आर्थर फ्रँक याने १९९५ मधील 'द वूंडेड स्टोरीटेलर' या ग्रंथात आजाराच्या कथनांचे तीन प्रकार कल्पिले : बरे होण्याचे, शोधाचे आणि अनागोंदीचे. तिसऱ्या प्रकारात घटनांना क्रम नसतो, कारण नसते, सुटका नसते. ते ऐकवत नाही, म्हणून ऐकणारा घाईने त्याला पहिल्या दोन प्रकारांकडे वळवू पाहतो. 'योग्य शेवट' शोधण्याची ओढ ही याच घाईचे सभ्य रूप असू शकते. गेलन स्ट्रॉसन या तत्त्ववेत्त्याने तर २००४ मध्ये सर्व माणसे आपले आयुष्य कथारूपात जगतात आणि तसे जगणे इष्टच असते, या दोन्ही समजुती नाकारल्या. काही माणसांना आपले आयुष्य सुट्या प्रसंगांत जाणवते आणि त्यात काही उणे नसते, असे त्याचे म्हणणे आहे. सारांश, कथा सांगायला लावणे हाही एक प्रकारचा आग्रह ठरू शकतो.

५

सलग कथेखेरीज 'स्व' सांगण्याचे दुसरे घाट आहेत काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. मराठीच्या अभ्यासकाला त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत शोधता येते.

पहिले उदाहरण लीळाचरित्राचे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटाने निरनिराळ्या शिष्यांकडून आठवणी मिळवून हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे मूळ प्रत नष्ट झाली आणि स्मरणातून तिचे पुनर्लेखन झाले, असे महानुभावांची परंपरा सांगते. या ग्रंथाच्या पाठपरंपरेत एकाच लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळत नसतील तेथे त्यांचा समन्वय करून तिसराच पाठ तयार केलेला नाही. अमक्याची 'वासना' अशी, तमक्याची अशी, म्हणून दोन्ही नोंदवल्या आहेत. पाठभेदासाठी 'वासना' हा शब्द वापरण्यातच एक मर्म आहे. चुकीचा पाठ आणि बरोबर पाठ अशी विभागणी त्यात नाही. ज्याच्या मनावर जो संस्कार उरला तो त्याचा पाठ. अर्थात लीळाचरित्र ही सांगणाऱ्यांची आत्मकथा नव्हे. स्मरणाचा विषय चक्रधर आहेत आणि ते टिपण्यामागे श्रद्धा आहे. परंतु स्मरणाशी संपादकाने कसे वागावे याचा जो दंडक येथे दिसतो तो शुश्रूषागृहातील लेखनिकालाही घेता येण्यासारखा आहे. आजीने एकच प्रसंग सोमवारी एका तऱ्हेने आणि गुरुवारी दुसऱ्या तऱ्हेने सांगितला, तर दोन्ही लिहून ठेवावेत. विसंगती हा पुराव्यातील दोष असतो. कथनात तो आशय असू शकतो.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओवीचे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. ओवीत बाई आपले सारे सांगते : माहेर, सासुरवास, भाऊ, लेक, भूक, देव. पण ती आयुष्याची गोष्ट सांगत नाही. दोन ओळींत एक क्षण येतो, जाते फिरत राहते, पुढची ओवी दुसरीकडे जाते, मघाचीच आठवण थोड्या फरकाने परत येते. तिला आरंभ नाही आणि समारोपाची गरज नाही. दळण संपले की गाणे थांबते. शिवाय ओवीचे शब्द बहुधा परंपरेतून आलेले असतात. परंपरेने दिलेली ओळ घेऊन, भावाचे किंवा गावाचे नाव बदलून बाई ती आपली करते. 'वैयक्तिक' आणि 'सामूहिक' यांच्यामध्ये टाइमस्लिप्सच्या संदर्भात जो पेच उभा राहिला होता, तो ओवीने आपल्यापुरता सोडवलेला आहे. पुनरुक्ती हा येथे ऱ्हास नसून रचनेचे तत्त्व आहे. तेच तेच सांगणाऱ्या वृद्धेकडे ओवीच्या श्रोत्याप्रमाणे पाहिले, तर 'हे मघाशीच सांगितलेत' या वाक्याऐवजी या वेळी कोणता शब्द बदलला याकडे लक्ष जाईल.

ही तुलना मर्यादेत ठेवली पाहिजे. जात्याशी एक कष्टाचे, पुष्कळदा जाचाचे आयुष्य निगडित होते आणि त्या जीवनपद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. शिवाय जात्याजवळ सखी असे. वृद्धाश्रमाच्या खोलीत ती असतेच असे नाही. बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथील वृद्ध ज्यूंच्या केंद्रात केलेल्या अभ्यासातून हाच मुद्दा ठळक केला. पूर्व युरोपातील त्यांचे जग नष्ट झालेले, मुले दूरच्या जीवनात रमलेली. सांगण्यासारखे खूप, पण वारसा घेणारा कोणी नाही. त्यांच्या स्मरणासाठी तिने 'री-मेंबरिंग' हा शब्द योजला. आपल्या आयुष्याचे जे सदस्य होते त्यांना पुन्हा एकत्र आणणे, असा त्याचा अर्थ. त्यात आपलेच जुने 'स्व' आणि दिवंगत आप्तही आले. असे एकत्र आणण्याला साक्षीदार लागतो.

६

महाराष्ट्रात वृद्धाश्रमांत जाऊन आठवणी टिपणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना साजेसे काम आहे आणि ते होणे इष्ट आहे. पण वरील विवेचनातून त्यासाठी काही कसोट्या निघतात. ध्वनिमुद्रणाची असंपादित प्रत सांगणाऱ्याची मानावी आणि ती त्याच्याजवळ किंवा त्याच्या मर्जीप्रमाणे राहावी. त्याची बोली, मग ती अहिराणी असो, वऱ्हाडी असो वा मालवणी, प्रमाण मराठीत 'स्वच्छ' करू नये. बोलीबरोबर नात्यांची संबोधने आणि त्यांतला जिव्हाळाही पुसला जातो. कालक्रम लावायचाच असेल तर तो तळटीपेत लावावा. परस्परविरोधी कथने शेजारी शेजारी ठेवावीत. संपादकाने जे गाळले त्याची नोंद असावी. आणि कथन जेथे थांबले तेथेच ते थांबवावे.

यांहून महत्त्वाची एक कसोटी आहे : न सांगण्याचा अधिकार. बटलरने सांगितलेली निराशेची शक्यता लक्षात घेता प्रत्येक रहिवाशाने आपली कथा सांगावीच, असा वेळापत्रकातला तास लावणे ही संस्थेचीच आणखी एक सक्ती होईल. ज्याने फाळणीत घर गमावले, जिने लेक गमावली, ज्याने घरच्यांवर अन्याय केला आणि आता ते ऐकणारे कोणी उरले नाही, त्यांच्या मौनालाही अर्थ असतो. त्याला 'सहकार्य करीत नाही' असा शेरा मिळता कामा नये. तसा शेरा मिळाला की आत्मकथनाची दुसरी संहिता पहिल्या संहितेचाच एक रकाना बनते.

आत्मकथनाने शुश्रूषागृहातील जीवन समृद्ध होते काय, या प्रश्नाला सरसकट होकार देता येत नाही. चाचण्यांची आकडेवारीही तो देत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की सांगणारा जेव्हा वाक्याचा कर्ता होतो, स्वतःच्या क्रमाने बोलतो, मध्येच विषय सोडतो, पुन्हा तेथे येतो आणि ऐकणारा त्याला दुरुस्त करीत नाही, तेव्हा रोजच्या नोंदींतल्या कर्मणी प्रयोगाला काही काळ खंड पडतो. त्या कथेचे शीर्षक 'आयुष्याची गोष्ट' नसले आणि तिच्यात फक्त एका विहिरीचे, एका म्हशीचे आणि कधीतरी चुकलेल्या एका गाडीचे वर्णन असले, तरी चालेल. ती गाडी कोठे जात होती हे विचारावे की नाही, हे ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे.